दिवे घाटात गाडी तापली, त्यानंतरचे वीस दिवस

गुढीपाडव्याला, म्हणजे ९ एप्रिल २०२४ ला सकाळी, पार्किंगच्या फरशीवर गाडीखाली तळहाताएवढा ओला डाग दिसला. मला वाटलं एसीचं पाणी असेल. उन्हाळ्यात एसी लावला की गाडीखाली पाणी ठिबकतंच. पण एसीचं पाणी साधं, बिनरंगाचं असतं आणि थोड्या वेळात वाळून जातं. हा डाग दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. बोटाला चिकट लागत होता, किंचित हिरवट होता आणि वास गोडसर होता. मी बोट पुसलं आणि ऑफिसला गेले.

दोन दिवसांनी बोनेट उघडलं तर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली जवळजवळ रिकामी. मी त्यात नळाचं पाणी ओतलं. आमच्या पुण्यातल्या बिबवेवाडीच्या सोसायटीत एप्रिलमध्ये नळाला येतं ते टँकरचं पाणी, बादलीला पांढरे थर धरणारं. चार दिवसांनी परत ओतलं. कमी झालं की भरायचं, एवढंच मला माहीत होतं. ते जातंय कुठे, हे मी कुणाला विचारलंच नाही.

कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. ते इंजिन आणि रेडिएटरमध्ये (पुढची जाळी, जिथे वाऱ्याने ते गार होतं) गोल फिरत राहतं आणि तो रस्ता सगळीकडून बंद असतो. म्हणून पातळी सारखी खाली जात असेल तर दोनच शक्यता राहतात. एक तर ते बाहेर गळतंय, नाही तर इंजिनच्या आत जाऊन जळतंय किंवा ऑइलमध्ये मिसळतंय. मला हे वीस दिवस आणि पंधरा हजार रुपये घालवून कळलं. तुम्हाला ते आधीच कळावं म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून काढते आहे.

शनिवार, २० एप्रिल. आईला घेऊन सासवडला मावशीकडे निघाले. गाडी २०१३ ची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक, ८१ हजार किलोमीटर झालेली. साडेदहाला निघालो. हडपसर, फुरसुंगी, वडकी असं करत दिवे घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे दोन ट्रक होते, त्यामुळे पूर्ण चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. बाहेर रणरणतं ऊन, एसी पूर्ण लावलेला. मस्तानी तलाव खाली दिसायला लागला आणि आई म्हणाली, "एसी गरम हवा का फेकतोय गं?"

तीच पहिली खूण होती. बऱ्याच गाड्यांत इंजिन फार तापलं की एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो आणि एसीतून साधी हवा येऊ लागते. मी मीटरकडे पाहिलं. एरवी निम्म्याच्या खाली असणारा काटा लाल रेघेला टेकायला आला होता. घाटात वेग नसतो, म्हणून रेडिएटरला वारा कमी मिळतो. इंजिन मात्र चढावर जोर लावत असतं, आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसलेला असल्याने त्याचीही उष्णता आत येते. सपाटीवर आठ-दहा दिवस लपून राहिलेली गळती घाटात उघडी पडली ती त्यामुळे.

एसी बंद करून हीटर पूर्ण लावला, काचा खाली केल्या. हीटरला इंजिनचंच गरम पाणी लागतं, त्यामुळे तो लावला की इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते, हे कुठेतरी वाचलेलं ऐन वेळी आठवलं. पाच-दहा सेकंद भट्टीसारखी झळ आली आणि मग हवा एकदम गार झाली. म्हणजे हीटरपर्यंत पाणीच पोचत नव्हतं. पुढच्या वळणावर थोडी रुंद जागा दिसली, तिथे गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. काटा चढलेला दिसल्यापासून किल्ली फिरवेपर्यंत फार तर दोन मिनिटं गेली असतील. "घाट संपेपर्यंत रेटू" असं त्या क्षणी मनात आलं होतं. रेटलं नाही म्हणून इंजिन वाचलं, हे नंतर तीन जणांनी सांगितलं.

बोनेटच्या फटींतून वाफ येत होती. हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, चारही इंडिकेटर लावले आणि आईला कठड्याच्या आतल्या बाजूला बसवलं. सावलीला एक झाड नव्हतं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि हातातल्या कागदी पिशवीने वारा घेत बसली. मार्केट यार्डातून रिकामे क्रेट घेऊन परतणारा एक टेम्पो थांबला. चालक दादांनी न विचारताच मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे गेले तर त्यांनी हातच आडवा केला. "ताई, झाकणाला हात लावू नका. दोन तास तरी नाही." आणि शर्टाची बाही वर करून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी, सुरकुत्या पडलेली. दहा वर्षांपूर्वी याच घाटात गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं होतं, म्हणाले.

आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उसळून बाहेर येतं. तापलेल्या इंजिनवर वरून गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा धातूचा भाग, वाकू शकतं किंवा तडकू शकतं. त्यामुळे बोनेट उघडून ठेवायचं (तेही वाफ ओसरल्यावर, हाताला फडकं गुंडाळून) आणि थांबायचं.

मावसभाऊ सासवडहून आला आणि आईला घेऊन गेला. मी गाडीजवळ थांबले. आमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स होता, दरवर्षी त्याचे पैसे भरत होते, पण नंबर मेलमधल्या पॉलिसीत आणि घाटात रेंज जेमतेम एक कांडी. अकरा पंचवीसला फोन लागला. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे, जवळची खूण, गाडी कुठे न्यायची, सगळं विचारलं. मग एसेमेसने तक्रार क्रमांक आणि लोकेशन पाठवायची लिंक आली. त्यांनी साठ मिनिटं सांगितली होती. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, आलं एक वाजून चाळीस मिनिटांनी. पॉलिसीचं पहिलं पान आणि आरसीचा फोटो मोबाइलच्या गॅलरीत ठेवा, मेलमध्ये नको. उन्हाळ्यात गाडीत पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या असू द्या, त्या इंजिनपेक्षा माणसांना लागतात.

गाडी चढवण्याआधी टो करणाऱ्या मुलाने एक फॉर्म भरला. किलोमीटर, पेट्रोल किती, कुठे पोचे आहेत, आत काय सामान आहे. सही करण्याआधी मी चारही बाजूंनी फोटो काढले. पन्नास किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट होतं. मात्र ते एकदाच आणि रस्त्यावरून गॅरेजपर्यंतच, ही अट मला पुढच्या आठवड्यात समजली. साडेतीनला गाडी हडपसर बाजूच्या, त्यांच्याच यादीतल्या एका गॅरेजात पोचली. रविवारी गॅरेज बंद.

सोमवारी, २२ तारखेला दुपारी फोन आला. "मॅडम, हेड गेलंय. उघडावं लागेल." इस्टिमेट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, ४१,६०० रुपये. हेड गॅस्केट, हेडचं फेसिंग, रेडिएटर, वॉटर पंप, टायमिंगचं सामान, ऑइल, कूलंट, लेबर. खाली लिहिलेलं, इंजिन उघडल्यावर खर्च वाढू शकतो. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ते तीनदा वाचलं. गाडीची किंमतच आता दीड-पावणेदोन लाख. विकून टाकावी का, इथपर्यंत विचार गेला. त्या रात्री झोप लागली नाही. त्यात आईचं एकच चाललं होतं, "मी सासवडला जायचं काढलं नसतं तर हे झालं नसतं."

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना इस्टिमेट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि एवढंच म्हणाले, "हेड गेलंय हे कशावरून, ते विचार. प्रेशर टेस्ट केली का ते विचार." मंगळवारी विचारलं. उत्तर आलं, "गाडी एवढी हीट झाली म्हणजे हेड जातंच." टेस्ट केलेली नव्हती.

काकांनी मला हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील, गेल्याच्या खुणा समजावल्या. ऑइलची पातळी मोजायच्या कांडीवर दुधाळ चहासारखा रंग दिसतो. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. गाडी थंड असताना रेडिएटरचं तोंड उघडून इंजिन चालू केलं तर आत सतत बुडबुडे येतात. इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरचा वरचा होजपाइप दगडासारखा कडक होतो. यातलं काही नसेल तरी हेड शाबूत आहे अशी खात्री देता येत नाही, पण चाळीस हजार खर्च करण्याआधी तपासणी तरी मागता येते.

गुरुवारी, २५ तारखेला मी गाडी तिथून काढली. तपासणीचे एक हजार आणि त्यावर जीएसटी, १,१८० रुपये भरले, पावती घेतली. भांडले नाही, फक्त काम पुढे करायचं नाही असं जॉब कार्डवर लिहून घेतलं. एका गॅरेजातून दुसऱ्यात न्यायला विम्याचं टोइंग चालत नाही, त्यामुळे खासगी फ्लॅटबेडचे १,८०० गेले. दोरी बांधून टोचन करून देतो असं एक जण सातशेत म्हणत होता. पण इंजिन बंद असलं की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, आणि हडपसर ते धनकवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते करायची माझी हिंमत नव्हती.

धनकवडीतलं हे गॅरेज काकांच्या ओळखीचं. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या मावतात. मेकॅनिक दादा पस्तिशीचे असतील. त्यांनी आधी ऑइलची कांडी काढून कापसावर पुसली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. मग रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवला. सायकलला हवा भरायच्या पंपासारखाच, वर एक मीटर असलेला. झाकणावर १.१ छापलेलं होतं, तेवढाच दाब दिला आणि म्हणाले, "आता बघत राहा ताई." दहा मिनिटांत काटा १.१ वरून ०.७ वर आला. त्यांनी मोबाइलचा टॉर्च रेडिएटरच्या डाव्या बाजूला मारला. वरची काळी प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते, त्या जोडावर पांढरट-हिरवा खार साचला होता, माठाच्या बुडाला धरतो तसा. त्या खाराच्या खालून एक थेंब फुगत होता. मोठा झाला, थरथरला, जाळीवरून ओघळला आणि लगेच दुसरा फुगायला लागला. मी अर्धा महिना ज्याला एसीचं पाणी समजत होते, ते हे.

दुसरी तपासणी हेडसाठी. रेडिएटरमध्ये पाणी भरून इंजिन चालू केलं आणि तोंडावर निळं द्रव भरलेली काचेची नळी धरली. आतून जळालेला वायू येत असेल तर हे निळं पिवळं पडतं. बारा मिनिटं धरलं, निळं ते निळंच राहिलं. दोन्ही तपासण्यांचे मिळून सहाशे रुपये झाले. तिथल्या तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादांनी न बोलता चहा मागवला.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळून दुरुस्त व्हायचे. प्लॅस्टिकच्या टाकीला तसं करता येत नाही. एम-सील लावून चार दिवस ढकलता येईल, पण मी लावणार नाही, असं दादांनी स्वच्छ सांगितलं. गळती बंद करणारी पावडरही नको म्हणाले, कारण ती हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून नाना पेठेत गेले. गाडीच्या सुट्या भागांसाठी पुण्यात सगळे तिथेच जातात. जाताना जुन्या रेडिएटरवरच्या स्टिकरचा फोटो आणि आरसी जवळ असू द्या, कारण एकाच मॉडेलचे दोन-तीन प्रकार निघतात आणि दुकानदार आधी महिना आणि वर्ष विचारतो. नवीन रेडिएटरचे मला तीन भाव मिळाले. कंपनीचा ५,९००, दुसऱ्या नावाजलेल्या मेकचा ३,४००, आणि बिनबिलाचा २,१००. मधला घेतला, सहा महिन्यांच्या वॉरंटीचा शिक्का मारून पक्कं बिल घेतलं. वरचा होजपाइप फुगला होता, तो आणि क्लिपा ७७० रुपये, नवीन झाकण २८०, थर्मोस्टॅट ७८०. कूलंट आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मिळून १,१७०.

सिस्टिम धुताना निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. टँकरच्या पाण्यातले क्षार आणि आतला गंज. कूलंट फक्त गोठू नये म्हणून असतं आणि पुण्यात कुठे बर्फ पडतो, असं मला वाटायचं. पण त्यात गंजरोधक असतं आणि त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो, म्हणून ते उन्हाळ्यातच जास्त गरजेचं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. वेगवेगळ्या प्रकारांची मिसळ करायची नाही, आणि नुसत्या रंगावरून प्रकार ठरवायचा नाही. जुनं कूलंट दादांनी झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. ते विषारी असतं आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात. हे ऐकल्यावर पार्किंगमधला तो डाग मी घरी येऊन साबणाने घासून धुतला. आमच्या सोसायटीत चार मांजरं आहेत.

शनिवारी, २७ तारखेला गाडी हातात आली. लेबर १,८००. विम्यातून काही मिळतं का, हे मेलने विचारलं होतं, त्याचं उत्तर २९ ला आलं. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. अपघातात रेडिएटर फुटला असता तर गोष्ट वेगळी होती. उत्तर लेखी मागितलेलं बरं, नाहीतर फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दादांनी एक काम लावून दिलं होतं. रोज सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागी असताना, बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. पहिले दोन दिवस थोडी खाली जाईल, आत अडकलेली हवा निघते म्हणून. त्यानंतर थांबली पाहिजे. ३० एप्रिलला थांबली असं वाटलं. पण २ मे ला रेघ पुन्हा खाली, ४ मे ला आणखी खाली. तीन दिवसांत बोटभर. फरशीवर मात्र एक थेंब नाही. पोटात गोळा आला. बाहेर गळत नाही म्हणजे आत जळतंय, म्हणजे पहिल्या गॅरेजचंच खरं, असं मी धरून चालले.

दादांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, गाडी चालवू नका, मी गुरुवारी बघतो." ७ मे ला सांगली जिल्ह्यात लोकसभेचं मतदान होतं आणि ते गावी निघाले होते. ते पाच दिवस मी पीएमपीएमएलच्या बसने ऑफिसला गेले आणि रोज संध्याकाळी उगाच बोनेट उघडून बघत राहिले.

९ मे ला सकाळी दादांनी गाडी उचलून घेतली, चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं आवरण काढलं आणि इंजिन चालू करून आरशाने वॉटर पंपाच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खाली पाहिलं. तिथे एक बारीक भोक असतं. पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भोकाच्या कडेला हिरवा खार होता. इंजिन गरम झाल्यावर तिथून थेंब येत होता आणि फिरत्या बेल्टवर पडून उडून जात होता, म्हणून फरशीपर्यंत काही पोचत नव्हतं. गाडी थंड असताना सील पुरेसं घट्ट राहत होतं, त्यामुळे रेडिएटर बदलल्यावर दाब दिला तेव्हा तो टिकला. दादांनी आपण होऊन सांगितलं, "गरम करून परत एकदा बघायला हवं होतं, माझी चूक." निळ्या द्रवाची तपासणीही पुन्हा केली, त्याचे पैसे घेतले नाहीत. निळंच राहिलं.

पंप २,१५०, भिजलेला बेल्ट बदलला ६२०, कूलंट ३५०, लेबर ९००. जुना पंप मागून घेतला आणि हातात धरून फिरवला. दाणे अडकल्यासारखा खरखरत होता. १० मे ला, अक्षय्य तृतीयेला, दुपारी गाडी घरी आली. आईने बोनेटला हळदकुंकू लावलं आणि आम्ही आमरस-पुरी जेवलो. सगळा खर्च मिळून १५,८०० रुपये झाला. त्यातले जवळजवळ तीन हजार, म्हणजे पहिलं गॅरेज आणि दुसरं टोइंग, मी पहिल्याच दिवशी तपासणी मागितली असती तर वाचले असते. पाडव्यालाच विचारलं असतं तर पंधरा हजारांतलं आणखीही काही वाचलं असतं.

शनिवारी, १८ मे ला परत सासवडला निघालो. वडकीला थांबून गाडीखाली वाकून पाहिलं. घाटात एसी बंद ठेवला नाही, मुद्दाम चालू ठेवला. पुढे ट्रक होताच. आई रस्त्याकडे बघत नव्हती, सारखी मीटरकडे बघत होती. "निम्म्याच्या खाली आहे ना?" असं तिने चार वेळा विचारलं आणि चारही वेळा काटा तिथेच होता. त्या रुंद वळणावर चाकाला लावलेले दोन दगड अजून कठड्याला टेकून ठेवलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या अंगणात बोनेट उघडलं. पातळी ११ मे च्या रेघेवरच होती. शेजारी १९ मे लिहिलं.